काजळीच्या वाटेने हीटर प्लगपर्यंत

'दुरुस्ती' या विषयावर लिहा, असं संपादकांनी कळवलं आणि मी नाशिक गाठलं. डिझेल इंजिनाची दुरुस्ती जवळून पाहायची तर याहून योग्य शहर मला सुचेना. सातपूरला बॉशचा कारखाना आहे. डिझेल फवारणारी नोझल आणि इंजेक्टर तिथे बनतात. महिंद्राच्या गाड्या इथे जुळतात आणि इगतपुरीला त्यांचा इंजिनांचा कारखाना आहे. वडील कारखान्यात लाइनवर आणि मुलगा गॅरेजमध्ये, अशी घरं या शहरात सहज सापडतात.

दुसरं कारण थंडीचं. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात नोंदलेलं किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतं. पारा पाच अंशांखाली उतरला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, कारण मणी तडकले तर वर्षाची मेहनत जाते. त्याच पहाटे टोमॅटोचे क्रेट भरलेली एखादी पिकअप पिंपळगावच्या बाजारात निघायची असते आणि सेल्फ मारमारून तिची बॅटरी उतरते. चालक डिझेलला दोष देतो, "गारठलंय" म्हणतो. आपल्याकडच्या थंडीत डिझेल सहसा गोठत नाही. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेल तीन अंशांपर्यंत तरी वाहतं राहिलं पाहिजे. लडाखसारख्या ठिकाणची गोष्ट निराळी. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल आणलं. निफाडच्या पिकअपमध्ये गारठलेलं असतं ते इंजिन, आणि त्याला पहिली ऊब देणारा हीटर प्लग बहुतेक वेळा कधीचाच मेलेला असतो.

मला एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचं होतं. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून त्यामागचे हीटर प्लग बदलायचे आणि तो मॅनिफोल्डही नवा बसवायचा. मुंबई नाक्याकडच्या एका गॅरेजात तशी गाडी लागली होती. सोळा व्हॉल्व्हची, दोन लिटरची, युरोपीय घडणीची डिझेल सेडान. गॅरेजचे मालक साठीच्या घरातले. पोरं त्यांना मामा म्हणतात, गिऱ्हाईकही मामाच म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणू लागलो.

ठिणगीविना जाळ

पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेलला १८९३मध्ये पेटंट मिळालं आणि १८९७मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्याचं इंजिन चाचणीत उतरलं. त्या इंजिनाचं तत्त्व आजही बदललेलं नाही: सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की दाबानेच तापावी, आणि तापलेल्या हवेत इंधन सोडायचं. हवा वीस-बावीस पटीने दाबली की तिचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. डिझेलला पेट घ्यायला त्याहून पुष्कळ कमी पुरतं.

हे गणित गरम इंजिनाचं झालं. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीत सिलिंडरच्या भिंती, पिस्टनचा माथा, हेड, सगळं थंड असतं. दाबलेल्या हवेची उष्णता ते धातू तत्काळ शोषून घेतात. बॅटरीही थंडीने मंदावलेली, त्यामुळे सेल्फ इंजिनाला सावकाश फिरवतो. सावकाश फिरलं की हवा रिंगांच्या फटींतून निसटते आणि दाबच पुरता होत नाही. आत फवारलेलं डिझेल पेटत नाही, नळीतून पांढरा धूर होऊन बाहेर पडतं आणि डोळ्यांना झोंबतं.

हीटर प्लग या अडचणीवरचा उपाय आहे. पेन्सिलीहून बारीक धातूची नळी, तिचं टोक ज्वलनकक्षात डोकावणारं. आत तारेचं वेटोळं आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली भुकटी. ती उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. चावी फिरवली की काही सेकंदांत टोक लालभडक होतं. नव्या प्लगांचं टोक दोन-चार सेकंदांत हजार अंशांच्या जवळ पोचतं. सिरॅमिकचे प्लग त्याहूनही वर जातात. इंजेक्टरच्या फवाऱ्याची कड त्या टोकाला चाटून जाते आणि तिथे पहिला जाळ धरतो.

जुन्या गाड्यांत हे प्लग फारच जरुरीचे होते. १९०९मध्ये बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांजने ज्वलनकक्षाच्या डोक्यावर एक छोटी कोठी कल्पिली. इंधन त्या कोठीत पेटायचं आणि जाळ तोंडातून खाली पिस्टनवर यायचा. इंजिन आवाज कमी करू लागलं, पण कोठीच्या भिंती वाढल्या आणि उष्णता गिळायला आणखी थंड लोखंड मिळालं. ॲम्बॅसिडर डिझेलपासून १९९८मध्ये पिंपरीतून आलेल्या इंडिकापर्यंत अनेक गाड्या याच कुळातल्या. सकाळी चावी अर्धी फिरवून दिवा विझायची वाट पाहणारे टॅक्सीवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे सांगायला नको. मोठ्या ट्रकांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारतात, म्हणून आपल्या हवेत त्यांना प्लगाची बहुतेक गरजच पडत नाही.

मग कॉमन रेल आलं, मोटारींतही थेट फवारणी सुरू झाली, तरी प्लग गेले नाहीत. प्रदूषण आणि आवाज कमी करायला कंपन्यांनी दाबाचं प्रमाण उतरवलं. बाविसावरून ते सतरा-सोळावर आलं. दाब कमी म्हणजे थंडीतली ऊब कमी. शिवाय आता प्लगांचं काम इंजिन सुरू झाल्यावरही दोन-तीन मिनिटं चालू राहतं, म्हणजे पहिला धूर आणि खडखडाट दबतो. डॅशबोर्डवरचा पिळलेल्या तारेचा पिवळा दिवा विझला म्हणून प्लग बंद झाले असं नव्हे.

आधी मोजायचं

सेडानचे मालक गंगापूर रोडला राहतात. मुलीला शाळेत सोडणं, भाजी, बँक, एवढाच गाडीचा वापर. तक्रारी दोन होत्या. सकाळी सुरू होताना गाडी थरथरते आणि पांढरा धूर सोडते. आणि अधूनमधून चेक लाइट लागून गाडीचा दम जातो, ॲक्सिलरेटर दाबला तरी ती ओढत नाही.

"थरथर किती वेळ राहते?" मामांनी विचारलं. "धूर पांढराच ना? निळा तर नाही?" निळा असता तर ऑइल जळतंय, काळा असता तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा आणि तोही अर्ध्या मिनिटात जाणारा, म्हणजे एखादा सिलिंडर उशिरा पेटतोय.

इथे मला या माणसाचं पहिलं मोठेपण दिसलं. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी बॅटरीचा दाब पाहिला, सेल्फ मारताना तो किती पडतो तेही पाहिलं. प्लगांच्या कंट्रोल युनिटापाशी सॉकेट काढून मल्टिमीटर लावला. तीन प्लगांनी एका ओहमच्या आतबाहेरचा रोध दाखवला. तीन नंबरच्या प्लगावर मीटर काहीच दाखवेना. आतली तार तुटली होती. मग क्लॅम्प मीटर मुख्य वायरीला अडकवून चावी फिरवली. पहिल्या क्षणी करंट उसळतो आणि टोक तापलं की उतरतो. काटा उसळतो किती आणि किती वेळात उतरतो यावरून जिवंत प्लगही किती थकलेत ते कळतं.

मी तिथे असतानाच निफाडकडची एक पिकअप आली होती. तिच्या चालकाला कुणीतरी सांगितलं होतं की नोझल गेले, चारही बदलावे लागतील. मामांच्या पोराने टेस्ट लॅम्प लावला तर प्लगांपर्यंत वीजच पोचत नव्हती. रिले गेला होता. तो बदलला आणि काम संपलं. मोजायच्या आधी खोलणं ही आपल्या गॅरेजांची जुनी खोड आहे आणि तिचा भुर्दंड बहुतेक वेळा ज्याला परवडत नाही त्याच्यावर पडतो.

सेडानचा दुसरा आजार स्कॅनरने सांगितला. इनटेक मॅनिफोल्डमधले फ्लॅप हुकूम दिलेल्या जागी जात नव्हते. आणि या इंजिनात हीटर प्लग मॅनिफोल्डच्या नळ्यांच्या आड आहेत. एका कामासाठी जे उतरवायचं तेच दुसऱ्या कामात बदलायचं, म्हणून मालकांना दोन्ही कामं एकदम करायला सांगितलं.

मॅनिफोल्डच्या पोटात

इंजिनात शिरणारी हवा टर्बोतून येते, इंटरकूलरमध्ये थंड होते आणि मग मॅनिफोल्डमध्ये वाटली जाते. नवे मॅनिफोल्ड बहुतेक काचतंतू घातलेल्या नायलॉनचे असतात. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला हवेच्या दोन वाटा आहेत आणि एकीत चकतीसारखा पातळ फ्लॅप. इंजिन सावकाश चालत असताना फ्लॅप मिटतो, सगळी हवा एकाच वाटेने जोराने शिरते, सिलिंडरमध्ये भोवरा धरते आणि डिझेल तिच्यात नीट मिसळतं. वेग वाढला की फ्लॅप उघडतो. चारही फ्लॅप एका दांडीवर, दांडी एका छोट्या मोटरवर आणि मोटरच्या टोकाला जागा कळवणारा सेन्सर.

कागदावर हे फार देखणं आहे. अडचण येते ती ईजीआरमुळे. सिलिंडरमधला जाळ फार तापला की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची विषारी ऑक्साइड तयार होतात. ती कमी करायला नळीतून बाहेर पडणारा थोडा धूर पुन्हा आत घेतात. त्या धुरात जळायला फारसं काही उरलेलं नसतं, त्यामुळे जाळ थोडा थंडावतो. त्याच वेळी इंजिनाच्या पोटातली ऑइलची वाफही नियमाप्रमाणे बाहेर न सोडता हवेच्याच नळीत परत दिली जाते. एकीकडून कोरडी काजळी, दुसरीकडून ऑइलचा ओलावा. दिव्यावर ताटली धरून धरलेल्या काजळीत तूप कालवून घरोघरी काजळ करत, तसंच काजळ मॅनिफोल्डच्या भिंतींवर थरावर थर चढतं.

लांबच्या रस्त्यावर पळणाऱ्या गाडीत ते सावकाश साचतं. शाळा-भाजी-बँक करणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतही नाही. जळणं अर्धवट, काजळी जास्त, ऑइलची वाफ थंड भिंतीला लगेच चिकटणारी. मालकांनी गाडी जपून वापरली होती, आणि त्या जपण्यातच ती आतून भरत गेली होती.

उतरवण्याचं काम आदल्या दिवशीपासून सुरू झालं होतं. पोराने इंजिन गरम असताना प्लगांच्या बुडाशी गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवलं होतं. सकाळी गाडी फिरवून गरम केली, मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. वरचं प्लास्टिक, इंटरकूलरकडून येणारी नळी, थ्रॉटल, ईजीआरची जोडणी, वायरिंगचे सॉकेट. काही नळ्यांतून कूलंट जातं, ते आधी काढून ठेवलं. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो. बोल्ट निघाले की पोरगा ते पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचं चित्र काढून त्याच जागी टोचत होता, कारण लांबी सारखी दिसली तरी सारखी नसते.

डिझेलच्या दाबनळ्यांशी आल्यावर मामांनी काम थांबवून सगळा भाग ब्रशने झाडायला लावला. रेलमध्ये सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत दाब असतो. इतक्या दाबाने जाणाऱ्या डिझेलबरोबर केसाहून बारीक कण गेला तरी इंजेक्टरची सुई खराब होते. जी नळी सुटली तिच्या दोन्ही तोंडांना लगेच टोपणं लागली.

खालच्या ओळीतले दोन बोल्ट दिसतच नाहीत. मामांनी डोळे मिटले, लांब दांडीला गोटी लावली आणि बोटांनी चाचपत बसवली. मी टॉर्च धरून उभा होतो, तिचा काही उपयोग नव्हता.

मॅनिफोल्ड हातात आला तेव्हा त्याच्या तोंडात जिथे दोन बोटं जायला हवीत तिथे करंगळी अडत होती. आत काळा, चकाकता, चिकट थर. दोन फ्लॅप त्यात रुतलेले, एक दांडीवर सैल हलत होता. "हा आत गेला असता तर?" मी विचारलं. मामांनी उत्तराऐवजी फळीवरून एक जुना पिस्टन काढून दाखवला. माथ्यावर खड्डे पडलेले. काही युरोपीय इंजिनांत असे फ्लॅप तुटून सिलिंडरमध्ये गेल्याचं गाड्यांच्या दुनियेत सर्वांना ठाऊक आहे.

धुऊन पुन्हा वापरता येतो का? फक्त काजळीच असती तर आला असता. ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड असेल तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकू नये, धातूच खाल्ला जातो. डिझेल किंवा योग्य क्लीनर आणि ब्रश, एवढंच करायचं. इथे दांडीची बुशं झिजली होती आणि फ्लॅप सुटे मिळत नाहीत. म्हणून नवा घ्यावा लागला.

हेडमधली हवेची तोंडं साफ करणं हे त्याहून नाजूक. इंजिन हाताने फिरवून ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेले आहेत त्याचंच तोंड खरवडायचं, निघालेलं सगळं व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं, मग पुढचं. बाकीच्या तोंडांत चिंध्या कोंबलेल्या. किती चिंध्या घातल्या ते मामांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं आणि काढताना एकेक खोडली.

सुटणं

आता प्लग दिसले. चार, ओळीत, हेडच्या खोल भोकांत. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता आणि खरी जोखीम इथूनच सुरू होत होती.

हीटर प्लगाची दांडी लांब आणि बारीक. आटे वरच्या भागात, पण टोक खाली ज्वलनकक्षाजवळच्या भोकातून जातं आणि त्या फटीत वर्षानुवर्षं काजळी घट्ट बसते. सोडवताना आटे फिरायला तयार असतात आणि टोक तयार नसतं. जोर केला की प्लग मधेच पिळतो. प्लग बनवणाऱ्या बेरू कंपनीच्या कोष्टकाप्रमाणे आठ मिलिमीटर आट्यांचा प्लग २० न्यूटन-मीटरला आणि दहाचा ३५ला तुटण्याच्या हद्दीवर येतो. पाय टेकवून चाकाचा नट सोडवणाऱ्या हाताला हा जोर अगदीच क्षुल्लक आहे. म्हणून मामा सोडवायलाही टॉर्क रेंच लावतात. मर्यादा आली की रेंच कट् करतो आणि तिथे थांबायचं.

एक, दोन आणि चार नंबर पाऊणएक तासात निघाले. पाव फेरा उलटा, थोडा सुलटा, पुन्हा ऑइल, पुन्हा पाव फेरा. निघताना प्लग कर्कश किंचाळतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मी दचकलो, पोरगा म्हणाला, "ओरडला की समजायचं येतोय. गप्प राहिला तर भीती."

तीन नंबर गप्प होता. अडलेल्या प्लगासाठी एक चांगली युक्ती आहे: त्याला वेगळ्या वायरीने काही मिनिटं वीज द्यायची, टोक तापतं आणि भोवतीची काजळी जळून सैल होते. त्यातही प्लग किती व्होल्टचा ते आधी पाहावं लागतं. नव्या गाड्यांतले कित्येक प्लग पाच-सात व्होल्टांवर चालणारे असतात. त्यांना बॅटरीचे बारा व्होल्ट थेट दिले की तिथेच जळतात. पण तीन नंबरच्या तर तारेचाच तुकडा पडलेला. मेलेल्या प्लगात वीज जाणार कशी?

दुपार तशीच गेली. हेडला हॉट एअर गनने ऊब द्यायची, ऑइल मुरू द्यायचं, रेंच लावायचा, कट् झालं की सोडून द्यायचं. रेंचची मर्यादा मामांनी एकदाही वाढवली नाही. मधे दुसऱ्या गाडीचं ब्रेकचं काम केलं, चहा झाला, संध्याकाळी ऑइल मारून शटर ओढलं. मालकांचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा "उद्या" एवढंच उत्तर. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो प्लग ओरडला.

सगळे प्लग बाहेर असतात तीच कॉम्प्रेशन मोजायची वेळ. प्लगाच्या भोकात गेजचा ॲडॉप्टर बसवून प्रत्येक सिलिंडर तपासला. चारही जवळपास सारखे निघाले. मग रीमरला ग्रीस लावून तो हाताने भोकांतून फिरवला. काजळी ग्रीसला चिकटून वर आली, आत पडली नाही.

तुटला तर

मामांच्या गॅरेजात प्लग तुटलेला मी पाहिला नाही. पण असे प्लग काढून देणारा एक जण त्यांच्याकडे येऊन बसला होता, पूर्वी लेथवर काम केलेला. दुसऱ्या गॅरेजांत काम बिघडलं की त्याला बोलावणं जातं. मोटरसायकलच्या डिकीत त्याची पेटी असते: भोकाच्या बरोबर मध्यावर ड्रिल धरून ठेवणारे गाइड, लांब ड्रिल, उलट्या आट्यांचे टॅप, ओढून काढायचा स्क्रू.

त्याने सांगितलेला क्रम असा. आधी मधली विजेची कांडी ओढून काढायची. मग गाइड लावून उरलेल्या देहात भोक पाडायचं, ड्रिल ग्रीसमध्ये बुडवून, दर थोड्या वेळाने बाहेर काढून पुसून. ड्रिल एका बाजूला सरकलं तर हेडच्या ॲल्युमिनियममध्ये घुसतं आणि आटे जातात. टोकाचा तुकडा मात्र खाली ढकलायचा नाही, काही झालं तरी. तो सिलिंडरमध्ये पडला की हेड उतरवण्याशिवाय मार्ग नाही: टायमिंग खोलायचं, हेड गॅस्केट नवं, हेड प्लेन करायला पाठवायचं. चार प्लगांच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च.

"सगळ्यात जास्त गाड्या कुठून येतात?" मी विचारलं.

"घाईतून," तो म्हणाला.

ईजीआर बंद करून द्या

मॅनिफोल्डमधली काजळी पाहिल्यावर सेडानच्या मालकांनी तोच प्रश्न केला जो प्रत्येक गिऱ्हाईक करतं: धूर परत आत घेतोच कशाला, ईजीआर बंदच करून टाका. बाजारात एक पत्र्याची चकती बसवून आणि सॉफ्टवेअर बदलून हे करून देणारे पुष्कळ आहेत. गाडी थोडी चपळ वाटते, मॅनिफोल्ड स्वच्छ राहतो आणि पीयूसीही मिळतं. आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजलीच जात नाहीत. म्हणजे ज्यासाठी ईजीआर बसवलं तेच तपासणीत नाही.

मला हे अतिशय चुकीचं वाटतं आणि ते स्पष्ट लिहिलं पाहिजे. तो वायू डोळ्यांना दिसत नाही, पण मुंबई नाक्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो. आपल्या मॅनिफोल्डची काजळी वाचवायला दुसऱ्याची फुप्फुसं वापरायची, असा तो व्यवहार आहे. कायद्यानेही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही. बीएस-४ देशभर २०१७पासून आणि बीएस-६ २०२०पासून लागू झालं, आणि बीएस-६ गाड्यांत काजळी धरणारा फिल्टर आणि इतके सेन्सर आहेत की चकती घातली तर एकात नाही तर दुसऱ्यात बिघाड दिसणारच. मामा ते काम करत नाहीत. कारण विचारलं तर त्यांनी कायदाबियदा काढला नाही. "नातू शाळेला इथूनच सायकलवर जातो," म्हणाले.

डिझेल मोटारी आता कमी होत चालल्यात. मारुतीने एप्रिल २०२०पासून डिझेल बंद केलं. स्विफ्टपासून मांझापर्यंत इतक्या नावांनी विकल्या गेलेल्या गाड्यांतलं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन, जे आपल्या रांजणगावातही बनत होतं, तेही नव्या नियमांपुढे मागे पडलं. पण रस्त्यावर असलेल्या गाड्या अजून कैक वर्षं चालणार आहेत. त्यांची काजळी साचत राहणार, प्लग मरत राहणार आणि ते तुटू न देता काढणारे हात लागत राहणार.

बसवणं आणि बिल

बसवायला निम्माही वेळ लागला नाही. नवे प्लग घेताना मामांनी गाडीच्या चासी नंबरवरून पार्ट नंबर काढला आणि व्होल्टेज जुन्याशी ताडून पाहिलं. बाजारात नकली प्लग खूप आहेत. त्यांचं टोक फुगतं, फुगलेला प्लग भोकातून परत निघत नाही आणि कधी टोक सिलिंडरमध्ये गळून पडतं. प्लग आधी हाताने शेवटपर्यंत फिरवून बसवले, मग टॉर्क रेंच कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर लावून. मॅनिफोल्डला नवं गॅस्केट, बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत. स्कॅनरवरून नव्या फ्लॅपांना त्यांची दोन्ही टोकं शिकवली. इंजिन सुरू झालं, सांध्यांवर साबणाचं पाणी मारून हवा गळते का पाहिलं.

बिलावरून मालक अडले. प्लगांच्या ओळीपेक्षा मजुरीची ओळ बरीच मोठी होती. "चार प्लग फिरवायचे एवढे?" मामांनी वाद घातला नाही. जुने चार प्लग आणि मॅनिफोल्ड टेबलावर मांडले, तीन नंबरचं टोक दाखवलं, त्यावर किती वेळ गेला ते सांगितलं. मी मालकांच्या बाजूने विचार करून पाहिला, तरी मला ती मजुरी कमीच वाटली. सुट्या भागाची किंमत कंपनी ठरवते आणि आपण न बोलता देतो. पण कुठे थांबायचं हे ज्या हाताला कळतं त्याच्याशी आपण घासाघीस करतो. मालकांनी शेवटी पूर्ण पैसे दिले.

"आता पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?" त्यांनी निघताना विचारलं.

"आठवड्यातनं एकदा पिंपळगावच्या टोलपर्यंत घेऊन जा," मामा म्हणाले. "चांगली तापू द्या, वरच्या गियरला पळू द्या. ऑइल सांगितलेल्या ग्रेडचंच घाला आणि वेळेवर बदला. आणि सकाळी थरथरली तर दुसऱ्याच दिवशी या. एक प्लग गेलाय म्हणून दोन हिवाळे काढू नका, तेवढ्यात तो आत चिकटतो."